रायपूरचे तलाव आणि सरकारी अनुदान : काठाला पैसा, पाण्याचे काय?

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीत ग्रेट ईस्टर्न रस्त्याला लागून असलेल्या तेलीबांधा तलावाला शहरातील तरुण पिढी ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणते. संध्याकाळी तेथील पदपथावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. दिव्यांच्या रांगा, खाद्यपदार्थांचे ठेले आणि 2016 मध्ये उभारलेला 82 मीटर उंचीचा राष्ट्रध्वज यांमुळे बाहेरगावचा पाहुणाही येथे आवर्जून आणला जातो. दोन-तीन किलोमीटरवरचा बूढा तलावही अलीकडच्या वर्षांत असाच सजला. ही सजावट कोणाच्या पैशाने झाली, तो पैसा कोणत्या अटींवर आला आणि त्या अटींनी तलावाचे काय केले, हे प्रश्न मात्र पदपथावर फिरताना सहसा कोणाला पडत नाहीत.

देशातील बहुतेक शहरांना आता आपला नदीकाठ किंवा तलावकाठ ‘विकसित’ करायचा आहे. पुण्यापासून पाटण्यापर्यंत त्याचे आराखडे तयार आहेत. त्यासाठी केंद्र व राज्यांच्या अनुदानाच्या वाटा अनेक असून प्रत्येक वाटेचे नियम निराळे आहेत. गेल्या वीस वर्षांत यांपैकी अनेक वाटांचा अनुभव रायपूरने घेतला. त्यामुळे या विषयाची माहिती घेण्यासाठी हे शहर सोयीचे आहे.

तलावांचे शहर

छत्तीसगडी बोलीत तलावाला ‘तरिया’ म्हणतात. जुन्या गावांची थोरवी सांगताना तेथे ‘छै आगर छै कोरी’ तरिया असल्याचे सांगण्याची पद्धत आहे. कोरी म्हणजे वीस, जुन्या मराठी हिशेबातील ‘कोडी’च. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे 126 तलाव. हा आकडा मोजून ठरवलेला नसून भरभराटीची खूण म्हणून सांगितला जातो. भातशेतीच्या या प्रदेशात पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने साठवलेल्या पाण्यावर काढावे लागतात. त्यामुळे तलाव खोदणे हे राजाचे, सावकाराचे आणि गावाचेही काम होते.

रायपूरची वस्ती कलचुरी राजवटीच्या रायपूर शाखेच्या काळात आकाराला आली. राजा ब्रह्मदेवाच्या कारकीर्दीतील 1402 चा शिलालेख रायपूरचा असून खारून नदीवरील महादेव घाटाच्या हाटकेश्वर मंदिराची परंपरा त्याच काळाशी जोडली जाते. पुढे अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. बिंबाजी भोसले यांनी 1787 पर्यंत रतनपूरहून कारभार पाहिला. 1818 नंतर ब्रिटिश अधीक्षक कर्नल अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, तेव्हापासून या शहराची वाढ वेगाने सुरू झाली. येथील मराठी कुटुंबांची वस्तीही त्या काळापासूनची. हिंदी पत्रकारितेचे एक आद्य नाव असलेले माधवराव सप्रे मूळचे मराठीभाषक. त्यांच्या नावाची शाळा बूढा तलावाच्या शेजारीच आहे. बूढापाऱ्यातच बालपणीच्या नरेंद्राने, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंदांनी, 1877 ते 1879 या काळात वास्तव्य केले होते. म्हणूनच बूढा तलावाचे अधिकृत नाव विवेकानंद सरोवर असे असून तलावाच्या मध्यभागी स्वामीजींचा पुतळा आहे.

कंकाली तलाव, महाराजबंध, नरैया, तेलीबांधा ही नावे आजही पत्त्यांमध्ये आहेत. काही तलाव मात्र आता नावापुरतेच उरले. लेंडी तलावाच्या जागी बाजार आला. रजबंधा तलाव बुजवून मैदान झाले आणि त्या मैदानावर वृत्तपत्रांची कार्यालये उभी राहिली. तलाव नाहीसे होत असल्याच्या बातम्या या शहरात अनेक वर्षे एका नाहीशा झालेल्या तलावावरूनच छापल्या जात आहेत.

मालक कोण, हा जुना प्रश्न

अनुदानाचा विचार करण्याआधी मालकी समजून घ्यावी लागते, कारण जो मालक नाही त्याला अनुदान मागता येत नाही. मध्य प्रांतात तलावांची देखभाल मालगुजाराकडे असे. गावकऱ्यांना त्यावर ‘निस्तार’ हक्क असे. आंघोळ, धुणे, गुरांना पाणी, मासेमारी, अंत्यविधीनंतरचे स्नान असे सारे त्यात येई. विदर्भातील वाचकांना ‘निस्तार पत्रक’ हा शब्द परका नाही. 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्या वेळी विदर्भ आणि छत्तीसगड एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच कायद्याची संतती आहेत.

या बदलाने जमीनदारी गेली हे इष्टच झाले. मात्र गाळ काढणारा, पाळ दुरुस्त करणारा आणि पाणलोटातील चर मोकळे ठेवणारा माणूसही त्याबरोबर गेला आणि ती जबाबदारी ज्या खात्यांकडे आली त्यांच्याकडे त्यासाठी स्वतंत्र पैसा नव्हता. शहरांत तर एकच तलाव महसूल खात्याच्या दफ्तरी एका नावाने, महानगरपालिकेच्या नोंदीत दुसऱ्या नावाने आणि मत्स्य विभागाच्या ठेक्यात तिसऱ्याच नावाने असू शकतो. जलशक्ती मंत्रालयाने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशातील पहिल्या जलसाठा गणनेत 24 लाख 24 हजार 540 जलसाठ्यांची नोंद झाली. त्यांपैकी शहरी भागातील जलसाठे 3 टक्क्यांहूनही कमी. अतिक्रमण झालेल्या जलसाठ्यांची संख्या 38 हजार 496, म्हणजे सुमारे 1.6 टक्के इतकी दाखवण्यात आली. शहरातील जो तलाव पूर्ण बुजला तो गणनेत येतच नाही, हे हा आकडा वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

ऐंशी टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत

शहरी काठांवर केंद्राचा मोठा पैसा येण्यास सुरुवात झाली ती डिसेंबर 2005 मधील जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानापासून. निवडलेल्या 60 हून अधिक शहरांत रायपूर होते. लोकसंख्येच्या वर्गवारीत ते तेव्हा लहान शहरांमध्ये मोडत असल्याने प्रकल्पखर्चाच्या 80 टक्के वाटा केंद्राचा होता. याच अभियानातील शहरी गरिबांसाठीच्या घटकातून तेलीबांध्याच्या काठावरील झोपडवस्तीचे तेथेच बहुमजली इमारतींत पुनर्वसन करण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या काठाचे काम पुढे सरकले. देशातील अनेक तलावकाठांवरून वस्त्या उठवून शहराबाहेर फेकण्यात आल्या. त्या तुलनेत तेलीबांध्याचा हा भाग निश्चितच उजवा ठरतो. काठावरचे लोक काठाजवळच राहिले आणि सांडपाण्याचा एक स्रोतही आटोक्यात आणता आला. येथे अनुदान घरांसाठी आले होते, तलावाला त्याचा लाभ ओघाने झाला. ज्या अनुदानाचे नाव ‘सुशोभीकरण’ नव्हते त्यानेच काठाचे खरे काम केले, असे म्हणण्यास जागा आहे.

25 जून 2015 रोजी स्मार्ट सिटी अभियान आणि ‘अमृत’ अभियान एकाच दिवशी सुरू झाले. स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत रायपूरचा समावेश झाला नाही. मे 2016 मध्ये जाहीर झालेल्या 13 शहरांच्या पुरवणी यादीत ते आले. गोव्याची राजधानी पणजीही त्याच यादीतली. या अभियानात प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत 500 कोटी रुपये आणि राज्य व स्थानिक संस्थेने मिळून तेवढीच रक्कम, असे सूत्र होते. म्हणजे केंद्राचा वाटा निम्म्यावर आला. कामासाठी महानगरपालिकेऐवजी स्वतंत्र कंपनी स्थापन करणे बंधनकारक होते. बूढा तलावावरील पदपथ, कारंजी, प्रकाशयोजना आदी कामे या कंपनीमार्फत झाली. वेळोवेळी मुदतवाढ मिळालेले हे अभियान 31 मार्च 2025 रोजी संपले.

1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या ‘अमृत 2.0’मध्ये जलसाठ्यांचे पुनरुज्जीवन हा स्वतंत्र घटक आहे. एकूण 2 लाख 99 हजार कोटींच्या अंदाजित खर्चात केंद्राचा वाटा 76 हजार 760 कोटींचा. येथे गावाच्या आकारानुसार अनुदान ठरते. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहराला प्रकल्पखर्चाच्या 50 टक्के, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश आणि दहा लाखांवरील शहराला 25 टक्के. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांना 90 टक्के आणि केंद्रशासित प्रदेशांना पूर्ण रक्कम मिळते. 2011 च्या जनगणनेत रायपूरने दहा लाखांचा उंबरठा अगदी थोडक्यात ओलांडला होता. त्यामुळे ते चौथाई हिश्श्याच्या गटात जाते.

हे आकडे व्यवहारात काय सांगतात? 100 कोटींचे काम धरले, तर 2005 च्या अभियानात रायपूरला बाहेरून, म्हणजे राज्य आणि स्वतःच्या तिजोरीतून, 20 कोटी उभे करावे लागत. स्मार्ट सिटीत 50 कोटी. अमृत 2.0 मध्ये 75 कोटी. शहर श्रीमंत होत गेल्याने केंद्राचा हात आखडला, हे तत्त्व म्हणून समजण्यासारखे आहे. मात्र मधल्या काळात राज्यांना वस्तू व सेवा कर आला आणि महानगरपालिकांच्या हाती मालमत्ता कर व अनुदानेच प्रामुख्याने उरली. मग उरलेली रक्कम कोठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर काठावरच शोधले जाते. दुकानगाळे, वाहनतळाचे शुल्क, नौकाविहार, जाहिरातफलक आणि प्रवेशतिकीट यांतून.

फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला एक लाख कोटींचा ‘शहरी आव्हान निधी’ याच दिशेचे पुढचे पाऊल आहे. त्यात केंद्र प्रकल्पखर्चाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम देईल आणि किमान 50 टक्के रक्कम रोखे, बँककर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करावी लागेल. शहरांचा सर्जनशील पुनर्विकास आणि पाणी व स्वच्छता हे त्याचे घोषित विषय आहेत, म्हणून जलकाठांचे प्रकल्प त्यात बसू शकतात. पण ज्या प्रकल्पाला बँक कर्ज देते तो परतफेड करणारा असावा लागतो, आणि स्वच्छ पाण्यातून थेट परतफेड होत नाही.

पाण्यासाठीचे पैसे निराळ्या खिशात

तलावाच्या पाण्यासाठी अनुदानच नाही, असे नाही. पर्यावरण मंत्रालयाने 2001 मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. महाराष्ट्रातील पवई, कोल्हापूरचा रंकाळा आणि ठाण्यातील तलाव याच योजनेत होते. केंद्र 70 व राज्य 30 टक्के असे तिचे प्रमाण होते. 2013 मध्ये ती पाणथळ जागांच्या योजनेत विलीन करून जलीय परिसंस्था संवर्धनाची राष्ट्रीय योजना तयार झाली आणि पुढे प्रमाण 60 : 40 वर आले. या योजनेत सांडपाणी अडवणे, गाळ काढणे, पाणलोट सुधारणे, जैविक उपचार ही कामे केंद्रस्थानी असतात. मंजुरीची वाट लांब, कागदपत्रे किचकट आणि पूर्ण झालेले काम डोळ्यांना दिसत नाही. शहरांनी सुशोभीकरणाच्या वाटेने जाणे पसंत केले, त्याचे हेही एक कारण आहे. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या वाहिनीची फीत कापण्याचा समारंभ कधी फारसा रंगत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील नागरी समूहांसाठी 2021 ते 2026 या काळाकरिता 38 हजार 196 कोटींचा निधी सुचवला. त्यातील सुमारे एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेसाठी आणि दोन तृतीयांश पेयजल, स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. छत्तीसगडमधून रायपूर आणि दुर्ग-भिलाईनगर हे समूह त्यात आहेत. हा पैसा ‘बांधील’ आहे, म्हणजे ठरलेल्या कामाबाहेर तो खर्च करता येत नाही. सांडपाण्याची वाहिनी तलावापासून वळवणे त्यात बसते, कारंजे बसत नाही.

ग्रामीण भागात एप्रिल 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत सरोवर’ मोहिमेची रचना तर आणखी वेगळी होती. प्रत्येक जिल्ह्यात 75 तलाव, प्रत्येकी किमान एक एकराचे आणि 10 हजार घनमीटर क्षमतेचे, असे लक्ष्य ठेवले गेले. स्वतंत्र निधी मात्र दिला नाही. रोजगार हमी, वित्त आयोगाचे अनुदान आणि अन्य योजनांची सांगड घालायची होती. छत्तीसगड राज्याचीही शहरी तलावांसाठी ‘सरोवर-धरोहर’ नावाची योजना आहे. तिच्यातून लहान नगरपालिकांनी खोलीकरण आणि घाटबांधणी केली. छत्तीसगडीत अशा पायऱ्यांना ‘पचरी’ म्हणतात आणि निस्तारासाठी येणाऱ्या माणसाला कारंज्यापेक्षा धड पचरी अधिक उपयोगाची असते.

ज्याला अनुदान समजले जाते पण जे अनुदान नाही, असाही एक प्रकार आहे. राज्यांना भांडवली गुंतवणुकीसाठी दिले जाणारे केंद्राचे विशेष साहाय्य हे 50 वर्षांचे बिनव्याजी कर्ज आहे. 2024 च्या अखेरीस याच मार्गाने 23 राज्यांतील 40 पर्यटनस्थळांना मंजुरी मिळाली. नाशिकच्या रामकुंड परिसरातील ‘राम-काल पथ’ हा 99 कोटींचा प्रकल्प त्यांतलाच. छत्तीसगडच्या वाट्याला आलेली दोन्ही कामे मात्र जलकाठाची नव्हती. रायपूरजवळ चित्रनगरी आणि आदिवासी संस्कृती केंद्र यांसाठी ती रक्कम मिळाली.

सजवलेला काठ पाण्याचे काय करतो

तलाव म्हणजे पाणी भरलेला खड्डा नव्हे. त्याला पाणलोट लागतो, पाणी येण्याचे चर लागतात, जादा पाणी जाण्यास सांडवा लागतो आणि उथळ, दलदलीचा, गवत-वेलींचा एक पट्टा लागतो. हा पट्टा पाण्यातील पोषकद्रव्ये शोषून घेतो, माशांना अंडी घालण्यास जागा देतो. चौफेर संरक्षक भिंत, तिच्यावर पदपथ आणि पलीकडे रस्ता असा काठ बांधला, की पावसाचे स्वच्छ पाणी येण्याचे मार्ग बंद होतात. उघडा राहतो तो वस्तीकडून येणारा नाला, कारण त्याला दुसरीकडे जाण्याची वाट नसते. म्हणजे सजावटीआधी तलावात पाऊस आणि सांडपाणी दोन्ही येत होते, सजावटीनंतर मुख्यतः सांडपाणी येते. मग शेवाळ वाढते, जलपर्णी पसरते आणि उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू पहाटेच्या वेळी इतका घटतो की मासे मरून तरंगतात. कारंजे पृष्ठभागावरच्या पाण्यात थोडी हवा मिसळते, तळाच्या गाळाला त्याचा उपयोग नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानायोग्य पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा. जलकाठाच्या प्रकल्पांच्या निविदांत दिव्यांच्या खांबांची उंची आणि फरशीची जाडी तपशिलाने लिहिलेली असते. पाण्याचा हा निकष गाठला तरच शेवटचा हप्ता, अशी अट क्वचितच आढळते. प्रस्तुत बातमीदाराच्या मते सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. अनुदान ज्या गोष्टीची मोजणी मागते तीच गोष्ट शहर करते.

कायद्याची बाजूही धूसर आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 नुसार पाणथळीच्या गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून 50 मीटरांत कायमस्वरूपी बांधकामास मनाई असून त्याला नौकेचा धक्का अपवाद आहे. पण पेयजल, सिंचन, मत्स्यपालन, मीठ किंवा मनोरंजन यांसाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित साठे या नियमांतून वगळलेले आहेत. रायपूरचे शतकांपूर्वी निस्तारासाठी खोदलेले तलाव कोणत्या खान्यात बसतात? सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये देशातील 2 लाख 1 हजार 503 पाणथळींना, म्हणजे सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या नोंदलेल्या जागांना, नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचे निर्देश दिले होते. शहरी तलावाच्या काठी बांधकाम करताना तो या यादीत आहे की नाही, हे आधी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. प्रत्यक्षात हा प्रश्न बहुधा काम अर्ध्यावर आल्यानंतर कोणीतरी तक्रार केल्यावर उपस्थित होतो.

खारून : काठाआधी नाले

शहराच्या पश्चिमेकडून वाहणारी खारून ही शिवनाथची उपनदी आणि शिवनाथ महानदीची. रायपूरला पिण्याचे पाणी खारूनमधून मिळते आणि शहराचे सांडपाणीही अखेर तिलाच मिळते. महादेव घाटावर कार्तिक पौर्णिमेला पुन्नी मेळा भरतो. घाटावर अलीकडे झुलता पूलही झाला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत छत्तीसगडचे पाच होते आणि खारून त्यांतील एक.

या यादीनंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सर्व राज्यांकडून कृती आराखडे मागवले आणि नाल्यातील सांडपाण्यावर जागच्या जागी उपचार सुरू न केल्यास 1 एप्रिल 2020 पासून दर नाल्यामागे दरमहा 5 लाख रुपये भरपाईची तरतूद केली. रायपूरमध्ये निमोरा येथे दररोज 90 दशलक्ष लिटर, चांदनीडीह येथे 75 आणि कारा येथे 35 दशलक्ष लिटर क्षमतेची शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. एकत्रित क्षमता दररोज 200 दशलक्ष लिटर. केंद्र उभे राहिले म्हणजे नाला केंद्रापर्यंत पोहोचलाच असे होत नाही. घराघरांतील जोडण्या, वाहिन्यांचे जाळे आणि विजेचे बिल हे पुढचे प्रश्न. तरीही अनुदान किंवा सुशोभीकरणाच्या इच्छेने जे झाले नाही ते दंडाच्या भीतीने पुढे सरकले, ही नोंद करायला हवी.

पुण्याचे उदाहरण या संदर्भात मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. मुळा-मुठा शुद्धीकरणाला जानेवारी 2016 मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून 990 कोटींची मंजुरी मिळाली. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावर आधारलेल्या या प्रकल्पात केंद्राचा वाटा 85 टक्के आणि शुद्धीकरण केंद्रे 11. दुसरीकडे 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा अंदाजित खर्च 4 हजार 727 कोटी, आणि तो मुख्यतः महानगरपालिका व खासगी भागीदारीच्या भरवशावर. मार्च 2022 मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. पाण्यासाठी अनुदान आधी मंजूर झाले, तरी काठाचे काम लोकांना आधी दिसले. रक्कम किती, याइतकाच कामाचा क्रम कोणता, हाही प्रश्न असतो.

हप्ता, प्रमाणपत्र आणि देखभाल

अनुदानाचा प्रवास कागदावर सरळ आहे. अमृत 2.0 मध्ये शहराने आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, म्हणजे किती पाणी येते, किती वापरले जाते, किती सांडपाणी होते आणि किती पुन्हा वापरता येईल. त्यावरून शहराचा आणि मग राज्याचा कृती आराखडा तयार होतो व केंद्राची सर्वोच्च समिती तो मंजूर करते. पैसा 20, 40 आणि 40 टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र आणि त्रयस्थ संस्थेची पाहणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही.

पाण्याच्या ताळेबंदाची ही अट चांगली आहे. ती प्रामाणिकपणे पाळली तर तलावात येणारा प्रत्येक नाला कागदावर यावा लागतो. अडचण होते ती वेळेची. प्रकल्प अहवाल सल्लागार कंपन्या लिहितात, दोन शहरांच्या अहवालांत परिच्छेदच्या परिच्छेद सारखे आढळतात आणि नाल्यांचे प्रत्यक्ष मोजमाप पावसाळा व उन्हाळा असे दोन्ही वेळा करण्याइतकी सवड कोणाला नसते.

सर्वांत कमी बोलला जाणारा भाग देखभालीचा. अमृतच्या पहिल्या टप्प्याच्या मार्गदर्शक सूचनांत परिचालन व देखभालीचा खर्च प्रकल्पखर्चात धरू नये, तो शहराने वापरशुल्कातून भागवावा असे स्पष्टच म्हटले होते. पाणीपुरवठ्याला वापरशुल्क लावता येते. तलावाला ते कोण भरणार? सकाळी फिरायला येणारा ज्येष्ठ नागरिक, की पचरीवर कपडे धुणारी बाई? दोघांकडूनही ते घेणे योग्य नाही, म्हणून ते चहाच्या टपरीकडून, नौकेच्या तिकिटातून आणि वाहनतळातून घेतले जाते. ठेका जितका महाग, तितका ठेकेदार काठावर अधिक जागा मागतो. जागा कमी पडली की आधी जाते ती धुण्याची पचरी आणि मासेमाराची नाव लावण्याची जागा, कारण त्यांच्यापासून उत्पन्न नसते. केवट आणि ढीमर समाजाच्या मासेमारांना दिलेले ठेके आणि नौकाविहाराचे ठेके एकाच पाण्यावर असतात तेव्हा कोणाचे ऐकले जाते, हे वेगळे सांगायला नको.

खर्चिक नसलेले पर्याय उपलब्ध आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेले ‘फायटोरिड’ तंत्र वनस्पतींच्या मुळांच्या आधारे सांडपाणी शुद्ध करते. त्याला वीज फार लागत नाही आणि नाल्याच्या तोंडाशीच ते बसवता येते. जागा मात्र लागते, आणि काठावरच्या जागेला बाजारभाव आल्यानंतर वनस्पतींसाठी ती सोडणे महापालिकांना जड जाते. गणेशोत्सवाच्या विसर्जनासाठी महादेव घाटाजवळ स्वतंत्र कुंड करण्याचा रायपूरचा उपायही असाच साधा आहे. मूर्ती नदीत न जाता कुंडात जातात, घाट आणि उत्सव दोन्ही राहतात.

स्मार्ट सिटी अभियान संपल्यावर त्यातून उभ्या राहिलेल्या दिवे, कारंजी, पदपथ यांच्या देखभालीचा भार देशभरात स्थानिक संस्थांवर आला आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींचा कालावधी 31 मार्च 2026 पर्यंतचा असून 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. शहरांना पुढील पाच वर्षे मिळणाऱ्या अनुदानाचा आकार आणि त्यातील बांधील वाटा त्याच चौकटीत ठरणार आहे.